परकर नेसलेलं टेबल

बाहेर १७ अंश होते आणि घरात १३. पाच महिने बंद असलेलं दार उघडलं तेव्हा आधी अंगावर आला तो गारठा आणि मग वास: ओल्या चुन्याचा, मिटलेल्या कपाटाचा, कुठल्या तरी डब्यात राहून गेलेल्या लसणाचा. नवरा बॅगा जिन्यातच ठेवून खिडक्यांकडे गेला. मी भिंतीला हात लावून बघितला. भरलेल्या माठासारखी गार होती.

दिवाळी आटोपली की आम्ही स्पेनमधल्या ग्रानादाला परततो. जूनपासून दिवाळीपर्यंत वाईला, सासूबाईंजवळ, हिवाळा इथे. दिवाळीला मुंबईहून धाकटे दीर आणि जाऊ येतात ते मेअखेरपर्यंत आईंपाशी राहतात. नवऱ्याची इथली नोकरी संपली तेव्हा रेआलेहो भागातलं हे दोन खोल्यांचं घर आम्ही सोडलं नाही. लोक विचारतात, थंडीत कशाला जाता तिकडे, उन्हाळ्यात जा की. त्यांनी ग्रानादाचा जुलै बघितलेला नसतो. पारा ४० च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, रात्री बारालाही भिंती तापलेल्या. त्यापेक्षा कृष्णाकाठचा पाऊस केव्हाही बरा. पण हिवाळ्यात परतायचं म्हणजे काय, हे पहिल्या वर्षी आम्हालाही ठाऊक नव्हतं. स्पेन म्हटलं की ऊन आणि समुद्र एवढंच डोळ्यांसमोर येतं. ग्रानादा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पाठीशी सिएरा नेवादा डोंगरांचा बर्फ आहे, आणि इथली जुनी घरं बांधली आहेत ती उन्हाळ्याशी झुंजायला. जाड भिंती, लहान खिडक्या, फरशीची जमीन. ऑगस्टमध्ये हेच घर जीव वाचवतं. नोव्हेंबरपासून मात्र गारवा आत कोंडून ठेवतं.

नोकरी संपल्यानंतरचा हा आमचा सातवा हिवाळा. दर वेळी विमानात वाटतं की आता हे आपलंच गाव, सकाळी उठलो की सुरू. तसं होत नाही. तीन आठवडे जातातच. पायांना चढ आठवावे लागतात, पोटाला जेवणाच्या वेळा, कानांना इथली शब्दांची शेपटं गिळून टाकणारी स्पॅनिश. आणि सगळ्यात शेवटी आठवण येते ती थंडीत बसायचं कसं याची. यंदा मला कळलं की ते मी आजवर नीट शिकलेच नव्हते.

पहिली सकाळ गरम पाण्यात गेली, म्हणजे ते नसण्यात. इथे घर बंद करताना पाण्याचा मुख्य कॉक फिरवून जायचं असतं. तो उघडला, नळांनी आधी हवा ओकली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. आमच्या इमारतीत पाइपचा गॅस नाही. केशरी रंगाची बुतानोची टाकी असते, तिला बोंबोना म्हणतात. आत साडेबारा किलो गॅस, आणि वर पोलादाचं वजन जवळपास तेवढंच. टाकीच्या किमतीची कमाल मर्यादा सरकार ठरवतं आणि दर दोन महिन्यांनी बदलतं, त्यामुळे जिन्यात भेटलेला प्रत्येक जण ‘या वेळी वाढली की उतरली’ एवढं सांगतोच. रिकामी दिली तर भरलेली मिळते. रबरी नळीवर ती कुठल्या वर्षापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. परतल्यावर आधी चष्मा लावून ते वाचायचं. नळी ठीक होती. रेग्युलेटर बसवला, ‘टक्’ झालं. गिझरचं बटण दाबलं, नळ सोडला. ज्योत काही येईना.

नवऱ्याने टाकी हलवून बघितली, भरलेली होती. काढून परत लावली. दुसरी लावली. तासाभराने आम्ही दोघं स्वयंपाकघरात कोट घालून उभे, हात बर्फासारखे, आणि दुरुस्तीवाल्याचा फोन कोणी उचलत नव्हतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई आवाज ऐकून वर आल्या. वय ८६. इथे शेजारणीला नावाऐवजी ‘वेसिना’ म्हणजे शेजारीण अशी हाक मारायची पद्धत आहे. त्या मला वेसिना म्हणतात, मी त्यांना. जिन्याचा कठडा धरून त्यांनी दम खाल्ला आणि दारातूनच विचारलं, “सेल बदललेस का, पोरी?”

गिझरच्या पोटाशी एक काळी डबी असते. ठिणगी पाडायला तिच्यात दोन जाड सेल असतात. झाकण उघडलं तर दोन्ही सेल पांढऱ्या भुकटीने फुलून आलेले होते. जून ते नोव्हेंबर आत तसेच राहिले होते. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या चिंधीने मी पत्र्याच्या पट्ट्या घासल्या, नवरा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल घेऊन आला, आणि नळ सोडताच आतून ‘फुप्’ असा आवाज आला. निळी ज्योत ओळीने पेटत गेली. मी तशीच, कोटाच्या बाह्या वर करून, दोन्ही हात त्या पाण्याखाली धरून उभी राहिले. आता वाईला निघायच्या यादीत पहिली ओळ आहे: गिझरचे सेल काढणे.

पाणी सुटलं, पण घर तापायचं राहिलंच.

गेली सहा वर्षं आम्ही घर तापवायचा प्रयत्न केला. तेलाचे दोन हीटर, एक बैठकीत, एक निजायच्या खोलीत. इथे विजेची जोडणी घेतानाच किती किलोवॉट हवेत ते ठरवून त्याचे दरमहा पैसे द्यावे लागतात. आमची जोडणी ३.४५ किलोवॉटची. दोन हीटर चालू असताना कुणी ओव्हन लावला की खटकन अंधार, मग चाचपडत दाराजवळच्या पेटीतला खटका वर करायचा. शिवाय दर. २०२१ च्या जूनपासून बहुतेक घरांना तीन दरांची वीज आहे. कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० सगळ्यात महाग, रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवारचा सगळा दिवस स्वस्त. आता थंडी वाजते केव्हा? नेमकी संध्याकाळी ६ ते १०. शनिवारी सकाळी आमच्या इमारतीच्या मधल्या चौकात उभं राहिलं तर चारही मजल्यांवरची धुण्याची यंत्रं एकदम घुमताना ऐकू येतात.

वेसिना दरवर्षी सांगायच्या, घर तापवू नका. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घर तापतच नसतं, उगाच विजेचं बिल तापतं. टेबल घ्या.

त्यांचं टेबल मी कितीदा बघितलं होतं. मेसा कामिया म्हणतात त्याला. गोल, लाकडी, पायांमध्ये जमिनीपासून थोडीशी वर एक फळी, आणि फळीला मधोमध गोल भोक. त्या भोकात बसते ती ब्रासेरो, म्हणजे शेगडी. वरून जमिनीपर्यंत येईल असं जाड कापड घालतात. या कापडाला एनाग्वास म्हणतात. या शब्दाचा अर्थ परकर. परकर नेसलेलं टेबल. खुर्च्या ओढायच्या, कापड उचलून पाय आत घालायचे, आणि कापड मांडीवर घट्ट ओढून घ्यायचं. खोली गार असू दे, नाकाचा शेंडा गार असू दे, कमरेखाली ऊब असते. अंडालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, पिढ्यानपिढ्यांनी हिवाळा असाच काढला. मला मात्र ते म्हाताऱ्या माणसांचं वाटायचं. घर म्हणजे सगळ्या खोल्यांतून मोकळं फिरता आलं पाहिजे, एका टेबलाला बांधून घ्यायचं कशाला, असं मला वाटायचं, आणि ते मी नवऱ्यालाही पटवलं होतं.

यंदा मात्र दुसऱ्याच आठवड्यात खोकला लागला आणि माझा हट्ट संपला. टेबल जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं, ८० सेंटिमीटर व्यासाचं. विजेची शेगडी नवी घेतली, वर लोखंडी जाळी, तीन खटके. कापड मात्र वेसिनांनी मला एकटीला घेऊ दिलं नाही. त्या स्वतः बरोबर आल्या, काठी टेकत, आणि कापडाच्या दुकानात प्रत्येक ठाणाचं टोक चिमटीत धरून जाडी बघत राहिल्या. मला निळं आवडलं होतं. त्यांनी ते उलटं करून दाखवलं: विण सैल, ऊब निसटणार. शेवटी विटकरी रंगाचं, मागून लोकरीसारखं कापड निघालं. जमिनीला टेकून वर दोन बोटं जास्त ठेवायचं, त्यांनी शिंपिणीला बजावलं. पायाखाली फट राहिली तर सगळं वाया.

टेबल पहिल्यांदा लावलं त्या संध्याकाळी त्या येऊन बसल्या आणि त्यांनी शेगडीचे नियम सांगितले. बाहेर जाताना बंद करायची, झोपताना बंद करायची, आत ओले मोजे वाळत टाकायचे नाहीत. या शेगड्यांपायी दर हिवाळ्यात कुठे ना कुठे आग लागतेच. त्यांच्या लहानपणी विजेची नव्हती, पिकोनची होती. पिकोन म्हणजे बारीक फांद्यांचा कोळसा. पितळी परात, निखारे, वर राखेचा थर, आणि एक लहानसं पितळी उलथणं, बादिला. राखेखालचे निखारे बादिलाने हलवून वर आणायचे, याला ‘सही करणे’ म्हणत. घरातलं पोर टेबलाखाली डोकं घालून सही करायचं आणि मोठी माणसं वरून ‘हळू, हळू’ करत. कोळशाचा धूर कोंडला तर माणसं झोपेतच जात, त्यामुळे खिडकीला फट हवीच. आणि सणाला किंवा पाहुणा आला की निखाऱ्यांवर चिमूटभर आलुसेमा टाकत. आलुसेमा म्हणजे लॅव्हेंडर. शब्द मुळात अरबीतून आलेला, या गावाच्या कितीतरी शब्दांसारखा.

हे ऐकताना मला माझी पहिली बाळंतपणाची खोली आठवली. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाची धुरी, आणि आईचं ‘पाय उघडे ठेवू नकोस’. मी वेसिनांना सांगितलं. बाजेखाली? त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, खरंच की, बाळंतिणीला टेबलाशी कसं बसवणार.

एक धडा मात्र अंगावरच मिळाला. चौथ्या दिवशी नडग्यांवर तांबूस जाळी उमटली, चटईवर झोपून उठल्यावर गालावर उमटते तशी. मी घाबरले. वेसिनांनी स्वतःचे जाड मोजे खाली करून त्यांच्या पायांवरची जुनी, तपकिरी पडलेली जाळी दाखवली. याला नाव आहे, काब्रियास. शेगडीला फार चिकटून बसलं की उमटतात. तेव्हापासून शेगडी सगळ्यात खालच्या खटक्यावर आणि पाय जरा मागे. टेबलापाशी बसून मी आता दिवसभराचं काम करते, नवरा वाचतो, जेवणही तिथेच. एवढ्या सात वर्षांत आम्ही दोघं संध्याकाळी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. हीटर होते तेव्हा तो एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत.

दिवसा ऊब हवी तर ती बाहेर आहे. इथे घर समोर कुठल्या दिशेला आहे यावर हिवाळा ठरतो. समोरच्या टेकडीवरचं आल्बाइसिन दक्षिणेला तोंड करून उन्हात बसलेलं असतं. आम्ही रेआलेहोवाले अलहाम्ब्रा किल्ल्याच्या टेकडीच्या कुशीत, सकाळी टेकडीच्याच सावलीत. त्यात सूर्य उशिरा. डिसेंबरअखेर सूर्योदय होतो सव्वाआठच्या पुढे. स्पेनचं घड्याळ १९४० साली एक तास पुढे सरकवलं ते तसंच राहिलं. नकाशात देश इंग्लंडच्या खाली आणि घड्याळ बर्लिनचं. सगळं उशिरा करणारी माणसं असं ज्यांना म्हणतात, ती निम्म्याहून जास्त तर सूर्याप्रमाणेच चालतात. दुपारचं जेवण अडीचला म्हणजे सूर्याच्या हिशेबाने फार काही उशीर नाही. हे एकदा मनात बसलं की पोट लवकर वळणावर येतं. पहिल्या आठवड्यात आम्हाला बाराला भूक लागायची, रात्री आठला डोळे मिटायचे, आणि संध्याकाळी पाचला दुकानात जावं तर दार बंद. तिसऱ्या आठवड्यात साडेदहाला टोमॅटो आणि तेल लावलेला भाजका पाव, अडीचला जेवण, रात्री नऊनंतर काहीतरी हलकं, असं आपोआप व्हायला लागलं.

आमच्या खिडकीत ऊन अकराला येतं आणि अडीचला जातं. त्या वेळात पडदे वर, खिडक्या सताड उघड्या, गाद्या उभ्या. ते चुकवलं की भिंतीवर बुरशी. उत्तरेकडच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटात यंदा माझ्या आईच्या दोन इरकली साड्यांच्या घडीवर पांढरे ठिपके आलेले निघाले. एकीचे गेले, दुसरीचे काठावर डाग राहिले. आईची साडी आहे, वाईट वाटायचं थांबत नाही. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आहे.

बाराच्या सुमाराला सगळं गाव खेनिल नदीकडे उतरतं, पासेओ देल सालोनला. बाकं भरलेली. म्हातारे, बाळांच्या गाड्या, जेवायच्या आधी दहा मिनिटं मिळालेले दुकानातले लोक. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, डोळे मिटलेले. आपल्याकडे ‘ऊन खात बसणं’ म्हणतात ते अगदी हे. रस्त्याने चालतानाही लोक उन्हाचा पदपथ धरतात. तिथून वर बघितलं की सिएरा नेवादा दिसते. आम्ही आलो तेव्हा माथ्यावर नुसते पांढरे ओरखडे होते. एका रात्री खाली गार पाऊस पडला आणि सकाळी वरचा निम्मा डोंगर पांढरा झाला होता. मुलासेन, ३४७९ मीटर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर. बाकावरच्या अनोळखी माणसानेही मान वळवून मला सांगितलं, “पडला बघा.” बर्फ दिसला की इथे माणसं एकमेकांना सांगतातच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. दीर्घ वास्तव्याचं कार्ड दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि यंदा आमची पाच वर्षं भरली होती. वेळ आधी घ्यावी लागते आणि ती मिळत नाही. पहाटे संगणकासमोर बसून नवऱ्याने ती मिळवली. ठरलेल्या दिवशी कचेरीत गेलो तर फी भरल्याची पावती चुकीच्या अर्जाची निघाली, म्हणून परत फिरलो. दुसऱ्या खेपेला फोटो, बोटांचे ठसे, झालं. त्या पहिल्या दिवशी मला फार लागलं होतं. २० वर्षं ज्या गावात राहिलो तिथे खिडकीपलीकडच्या मुलीने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

त्याच दुपारी मात्र बाजारात गेले. कॅथीड्रलजवळची सान आगुस्तिन मंडई. इथे रांग दिसत नाही. माणसं गाळ्यासमोर कशीही उभी असतात. आल्यावर विचारायचं, “शेवटचं कोण?” कुणीतरी हात वर करतं, की तुम्ही त्याच्यानंतर. मग तुम्ही निर्धास्त इकडेतिकडे फिरा. परगावचा माणूस न विचारता पुढे जातो आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी विचारलं, आवाज नीट निघाला, आणि फळवाल्याने मान वर केली. ग्रानादाच्या लोकांच्या तुसडेपणाला खास नाव आहे, मालाफोया, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. तो न हसता म्हणाला, “मला वाटलं, मेलात की काय.” मग पिशवीत मी न मागितलेली दोन डाळिंबं टाकली. या गावाचं नावच डाळिंब. ग्रानादा म्हणजे डाळिंब. कचेरीतलं दुखणं त्या दोन डाळिंबांनी उतरलं.

त्याच्याकडे चिरिमोया होत्या. या फळाबद्दल मला मराठी माणसाशी बोलायचं असतंच. सीताफळाची सख्खी बहीण. दोघींचं माहेर अमेरिका खंडात. सीताफळाचे डोळे फुगीर, हिची साल गुळगुळीत आणि वर अंगठ्याने दाबल्यासारखे ठसे. हाताने फोडायची नाही, सुरीने उभी कापायची आणि चमच्याने खायची; पिकली तरी पाकळ्या सुटत नाहीत. गर साईसारखा, गोडीत किंचित आंबट झाक. ग्रानादा आणि मालागाच्या किनाऱ्यावर हिच्या बागा आहेत. हिचं परागण करणारे किडे इथे पुरेसे नाहीत, म्हणून बागायतदार हातानेच फुलाफुलाला पराग लावतात. दिवाळीत वाईला सीताफळं खाऊन निघायचं आणि पंधरा दिवसांनी इथे हिला सुरीने कापायचं. मला या दोन गावांमधला सगळ्यात सरळ रस्ता हाच वाटतो. त्याच किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होता. सालोब्रेन्याजवळचा शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद झाला. उसाच्या मुलखातून आलेल्या माझ्या नवऱ्याला हे फार लागतं. किनाऱ्याला गेलो की तो अजून उसाचं एखादं बेट शोधतो.

बाकी स्वयंपाकघर बसायला वेळ लागत नाही. वाईहून हळद, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ येतं. कंदी पेढे आणता येत नाहीत. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि आई दरवर्षी तरी एक पुडा बॅगेत ठेवतात, मी तो काढून जावेकडे देते. हरभऱ्याचं पीठ इथे सगळीकडे मिळतं, त्यामुळे पिठलं अडत नाही. कोथिंबीर मोरोक्कन दुकानात. नोव्हेंबरपासून नवं ऑलिव्ह तेल येतं, हिरवंगार, घशाला झोंबणारं. ते मी ठेचा कालवायला वापरते. मला तरी करडईच्या तेलाची आठवण येत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खरा पाऊस लागला. आदल्या रात्रीपासून. सकाळी नऊला फरशीवर खालून काठीचे दोन ठोके. वेसिनांची ही हाक. पाऊस म्हणजे मिगास, ग्रानादात याला दुसरा पर्याय नाही. शिळा पाव कुस्करून, किंचित पाणी शिंपडून ठेवायचा. तेलात लसूण सालासकट, हिरव्या मिरच्या तळून बाजूला काढायच्या. मग त्याच तेलात पाव घालून परतत राहायचं. पाऊण तास. आपल्या फोडणीच्या पोळीची ही सावत्र नव्हे, सख्खीच नातलग. दरवर्षी परतायचं काम त्या करायच्या आणि मी बघायचे. यंदा त्यांनी लाकडी उलथणं माझ्या हातात दिलं. त्यांचं मनगट आता चालत नाही.

शेजारी खुर्चीवर बसून त्या सांगत होत्या. खालून वर. दाबू नको, काप. आच कमी. आता थांब. आता परत. आधी सगळा लगदा झाला, मला वाटलं बिघडलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूहळू लगदा सुटायला लागला, गोळ्यांचे कण झाले, कणांना सोनेरी कड आली आणि कढईत वाळूसारखा आवाज यायला लागला. तो आवाज आल्यावर त्यांनी हात वर केला. बस.

त्यांच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. मिगासवर डाळिंबाचे दाणे आणि द्राक्षं, बाजूला तळलेल्या मिरच्या. मी वरून फोडणीची पोळी करून नेली होती, वेसिनांनी दोन्ही एकाच ताटात घेऊन एकेक घास आळीपाळीने खाल्ला. साडेतीनला फोन वाजला. वाईला रात्रीचे आठ. ऑक्टोबरअखेर इथलं घड्याळ मागे गेलं की दोन्हीकडचं अंतर साडेचार तासांचं होतं, आणि आई झोपायच्या आधी याच वेळेला फोन करतात. मी फोन डाळिंबाच्या वाडग्याला टेकवून उभा केला. आईंनी वेसिनांना निरखून बघितलं, वेसिनांनी आईंना. दोघींत तीन वर्षांचं अंतर, भाषा एकही सामाईक नाही.

“पाय कुठे घातलेत सगळ्यांनी?” आईंनी विचारलं.

मी वेसिनांना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, कापड वर उचललं आणि फोन टेबलाखाली धरला. आत लाल तार, जाळी आणि आमचे सहा पाय.

“अगं, शेगडी आहे की ही!” आईंचा आवाज टेबलाखालून आला. “मग बाळंतीण कोण तुमच्यात?”

मी हसत हसत उलगडून सांगेपर्यंत कापड तसंच उचललेलं राहिलं आणि गार हवा आत शिरली. वेसिनांनी फोन नवऱ्याकडे दिला, वाकल्या, आणि कापडाचं टोक माझ्या गुडघ्यांभोवती ओढून दोन्ही बाजूंनी मांडीखाली खोचलं.

“झाकून घे, पोरी,” त्या म्हणाल्या.